परसातलं अ‍ॅस्परॅगस

अ‍ॅस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीचंच भावंड; त्याचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात. गोव्यात ते उकाड्यापेक्षा साचलेल्या पाण्याने मरतं: मुळं कुजतात, कोंब पिवळे पडून लोळतात. म्हणून वाफा किमान फूटभर उंच हवा. जांभ्याची माती आंबट. लागवडीच्या महिनाभर आधी थोडा चुना मिसळा, लागवडीवेळी भरपूर कुजलेलं शेणखत.

बी जूनमध्ये 24 तास भिजवून आडोशाला पिशव्यांत लावा. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, घाईने पिशव्या उकरू नका. चवथीनंतर पाऊस ओसरला की रोपं 45 सेंमी अंतरावर लावा. पहिलं वर्ष एकही कोंब काढायचा नाही.

आपल्याकडे थंडी नाही, त्यामुळे झाड हिवाळ्यात विश्रांती घेत नाही, वाढतच राहतं. मग प्रत्येक गड्ड्याला चार-पाच जाड कोंब न कापता काड्या म्हणून वाढू द्या, काठीला बांधा. मुळं त्यांच्यावरच पोसतात. बाकीचे कोंब वीतभर झाले की सकाळी मातीलगत कापा. टोक घट्ट मिटलेलं हवं, वेणीच्या शेंड्यासारखं. उन्हाच्या दिवसांत एका दिवसाचा उशीरही नडतो: टोक सुटतं, बुंधा सुंभासारखा चिवट होतो. राखलेल्या काड्या पिवळ्या पडल्या की त्या काढून नव्या राखा.