विंडोज ९८ साठी साउंड कार्ड शोधताना

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीवर चालणारा पेंटियम थ्री संगणक अजून आहे, आणि तो केवळ हौसेखातर ठेवलेला नाही. वडिलांनी गणेशोत्सवातल्या गायनाच्या कॅसेटींची सूची जुन्या मराठी फॉन्टमध्ये केली होती, ती त्याच यंत्रावर नीट उघडते. त्या कॅसेटीही तेथेच उतरवून घ्याव्यात असे ठरवले, तेव्हा मदरबोर्डवरची आवाजाची सोय कधीचीच बंद पडल्याचे लक्षात आले.

पहिले साउंड कार्ड, म्हणजे आवाजासाठीचे वेगळे कार्ड, मी जेल रोडवरून आणले. ‘भिया, सब विंडोज में चलता है,’ या आश्वासनावर आणि खोक्यावरच्या तशाच मजकुरावर मी विसंबलो. घरी सीडी उघडली तर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड वापरता यावे यासाठीची आज्ञावली, विंडोज एक्सपीपासून पुढचेच. डिव्हाइस मॅनेजरमधले, कार्ड ओळखले नसल्याचे पिवळे प्रश्नचिन्ह काही हलेना. खरे तर मायक्रोसॉफ्टनेच ११ जुलै २००६ रोजी विंडोज ९८ या प्रणालीकडे पाठ फिरवली असताना, नंतरच्या उत्पादकांनी तिच्यासाठी ड्रायव्हर लिहावेत ही माझी अपेक्षाच भाबडी होती.

दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी ड्रायव्हरची मूळ सीडी मिळवली आणि मग तिच्याशी जुळणारे, १९९८ साली बाजारात आलेले साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्ड शोधू लागलो. पण येथेही नुसत्या नावावर जाऊन भागत नाही. मूळ कार्डावर ईएमयू१०के१ ही चिप असते, तर तयार संगणकांसोबत आलेल्या काही लाइव्ह कार्डांवर ईएमयू१०के१एक्स असते, आणि शेवटच्या त्या एका अक्षरामुळे नेहमीचा ड्रायव्हर निरुपयोगी ठरतो. चिपवरची बारीक अक्षरे वाचायला जुन्या कार्डांच्या ढिगासमोर भिंग घेऊन बसलेल्या मला पाहून दुकानातल्या पोराला हसू आवरेना, पण हवे ते कार्ड सापडले ते त्या भिंगामुळेच.

कार्डाला निळे, लाइन-इनचे (टेपरेकॉर्डरसारख्या यंत्राचा आवाज आत घेण्याचे) छिद्र असणे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होते. टेपरेकॉर्डरची वायर गुलाबी छिद्रात, म्हणजे माइकच्या जागी खोचली, तर तेथला संकेत मुळातच फार वाढवला जात असल्याने वरच्या पट्टीतली तान फाटते. सीडीच्या दर्जाने स्टिरिओ ध्वनी उतरवल्यास मिनिटाला साधारण साडेदहा एमबी लागतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पाऊणशे नव्हे, पावणेपाचशे एमबी खाते. एवढ्या कामासाठी रॅम वाढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ५१२ एमबीच्या पुढे गेल्यावर विंडोज ९८ उलट ‘मेमरी अपुरी आहे’ अशी तक्रार करू लागते.

ड्रायव्हर बसला, प्रश्नचिन्ह गेले, तरी पहिल्या चाचणीत काहीच उतरले नाही. रेकॉर्डिंग कंट्रोलमध्ये लाइन-इन निवडायचेच राहून गेले होते. ते निवडल्यावर तंबोऱ्यामागे मांडवाबाहेरच्या कुत्र्याचे भुंकणेसुद्धा स्वच्छ ऐकू आले.