टाइमशिफ्ट काढण्याआधी स्नॅपशॉट पुसा

लिनक्सवर बॅकअपचे सॉफ्टवेअर बसवायला फारसा वेळ लागत नाही. उबुंटू किंवा डेबियनच्या टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टाइमशिफ्ट’ ही आज्ञा दिली की काम होते, आणि मिंटमध्ये तर टाइमशिफ्ट आधीपासूनच असते. मात्र ते काढून टाकताना पॅकेज, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींचा संच, जाते आणि त्याने डिस्कवर साठवलेले सर्व काही जागच्या जागी राहते, ही गोष्ट बसवतानाच ठाऊक असावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्यांदा चालवल्यावर टाइमशिफ्ट दोन पद्धतींपैकी एक निवडायला सांगते. बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर आधारलेल्या पद्धतीत स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या जतन केलेल्या प्रती, त्याच डिस्कवर राहतात, त्यामुळे डिस्कच बिघडली तर त्यांचा काही उपयोग होत नाही. आरसिंक या फाइलींच्या प्रती करणाऱ्या साधनाच्या पद्धतीत ते दुसऱ्या डिस्कवर ठेवता येतात, पण त्या डिस्कवर ईएक्सटी४ सारखी लिनक्सची फाइल सिस्टिम असावी लागते, कारण बदल न झालेल्या फाइलची नवी प्रत न करता हार्ड लिंकने, म्हणजे डिस्कवरील त्याच फाइलकडे नेणाऱ्या आणखी एका दुव्याने, तीच फाइल पुढच्या स्नॅपशॉटमध्ये दाखवली जाते. होम फोल्डरमधील आपले दस्तऐवज आणि छायाचित्रे मूळ सेटिंगनुसार स्नॅपशॉटमध्ये घेतली जात नाहीत. टाइमशिफ्ट प्रणाली पूर्वस्थितीत आणण्यासाठी आहे; स्वतःच्या फाइलींसाठी देजा-डुप, बोर्ग किंवा रेस्टिक यांपैकी काहीतरी वेगळे लावावेच लागते.

आता काढण्याविषयी. ‘ॲप्ट रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, पण पॅकेजच्या सेटिंगच्या फाइली राहतात, पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या ‘डीपीकेजी’च्या यादीत अशा पॅकेजच्या ओळीच्या सुरुवातीला ‘आरसी’ ही दोन अक्षरे दिसतात, म्हणजे पॅकेज काढलेले आहे आणि सेटिंग शिल्लक आहे. ‘ॲप्ट पर्ज’ने त्या सेटिंगही जातात. परंतु स्नॅपशॉट या दोन्हींपैकी कोणत्याही आज्ञेने जात नाहीत, आणि माझ्या मते हे योग्यच आहे, कारण पॅकेज काढताना चुकून बॅकअपच नष्ट झाले तर ते कितीतरी अधिक गंभीर ठरेल.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रोग्राम अजून बसवलेला असतानाच ‘सुडो टाइमशिफ्ट’पुढे ‘लिस्ट’चा पर्याय देऊन यादी पाहावी, नको असलेले स्नॅपशॉट प्रोग्राममधूनच पुसावेत आणि मगच पर्ज करावे. स्नॅपशॉट एकेक करून पुसताना अपेक्षेइतकी जागा मोकळी होत नाही, याने गोंधळून जाऊ नये: एखादी फाइल पाच स्नॅपशॉटमध्ये असेल, तर त्यांतील चार पुसल्यावरही ती पाचव्यात शाबूत असते आणि तिची जागा शेवटचा दुवा जाईपर्यंत अडलेलीच राहते. याच कारणाने प्रत्येक स्नॅपशॉटचा आकार वेगवेगळा मोजून केलेली बेरीज फसवी ठरते, तेव्हा खरी शिल्लक जागा ‘डीएफ’ आज्ञेनेच पाहावी.

बोर्ग किंवा रेस्टिक काढताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. त्यांच्यासाठी आपण स्वतः क्रॉनमध्ये किंवा सिस्टमडीच्या टायमरमध्ये (आज्ञा आपोआप वेळेवर चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयींमध्ये) केलेली नोंद पॅकेजबरोबर जात नाही. ती ठरलेल्या वेळी नसलेला प्रोग्राम शोधत राहते आणि लॉगमध्ये त्रुटी नोंदवत राहते. फ्लॅटपॅकने, म्हणजे ॲप्टहून वेगळ्या पॅकेज पद्धतीने, बसवलेल्या प्रोग्रामचा डेटा होममधील ‘व्हार’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये राहतो, आणि तोही जायला हवा असेल तर अनइन्स्टॉल करताना ‘डिलीट-डेटा’ हा पर्याय द्यावा लागतो.

जुने बॅकअप ठेवायचे असतील, तर पासवर्ड जपून ठेवावा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर त्या साठ्यातील काहीही परत मिळत नाही, मग सॉफ्टवेअर कितीही वेळा नव्याने बसवले तरी. नवे साधन लावून त्यातून निदान एक फोल्डर दुसऱ्या ठिकाणी परत उतरवून, त्यातील फाइली उघडून पाहिल्याशिवाय मी जुन्या साधनाला किंवा त्याच्या साठ्याला हात लावत नाही.