धाकट्या भावाला किडनी देताना

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. त्यात पाणी मोजून प्यायचं. मे महिन्यात कळव्याच्या घरी भाऊ बर्फाचा खडा चघळत बसायचा, ते बघवत नव्हतं. आईला मधुमेह, त्यामुळे डॉक्टरांनी तिला पहिल्याच भेटीत नको म्हटलं. राहिले मी.

मी तयार झाले आणि घरात प्रश्न सुरू झाले. एका किडनीवर निभेल का? उद्या मुलांना गरज पडली तर? जन्मभर कळशी उचलायची नाही म्हणतात, खरं का? सगळे वहीत लिहून नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे, घेऊन गेले. उरलेली किडनी थोडी वाढते आणि बरंचसं काम उचलते, जड वजन काही आठवडेच टाळायचं, असं ते म्हणाले. धोका अजिबात नाही, असं मात्र म्हणाले नाहीत. बीपी आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते रक्तातून सांगणारी तपासणी) दर वर्षी बघावं लागेल. मला तो खरेपणा आवडला. भावाच्या जुन्या किडन्या काढत नाहीत, नवी पोटात खाली बसवतात, हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हणजे त्याला तीन?"

माझा रक्तगट ओ, त्याचा बी. चालतं, पण तेवढ्यावर भागत नाही. क्रॉसमॅच करून त्याचं रक्त माझ्या पेशींवर उलटतं का, ते बघतात.

कागदांनी मात्र दमवलं. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात बहीण-भाऊ जवळच्या नात्यात येतात, पण ते नातं सिद्ध करायचं आपण. लग्नात माझं नावही बदललेलं. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, लहानपणीचे फोटो, कोर्टनाक्यावर केलेलं प्रतिज्ञापत्र. एका कार्यालयात तर तीन हेलपाटे झाले.

मग मुलाखत. सगळ्यांना बाहेर बसवलं. दाता बाई असेल तर जास्त खबरदारी घ्यायची आणि तिची संमती रुग्ण सोडून दुसऱ्या कोणाकडून पडताळायची, असं या कायद्याच्या २०१४ च्या नियमांतच आहे. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "घरच्यांचा दबाव आहे का? अजूनही नाही म्हणू शकता. आम्ही बाहेर वैद्यकीय कारण सांगू." मला रडू आलं. एवढ्या महिन्यांत 'तुला द्यायची आहे का' असं कोणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हटलं, आणि ते माझं होतं. प्रत्येक बाईला हा प्रश्न असाच, दार लावून, विचारला गेला पाहिजे.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, चौथ्या दिवशी मी घरी आले. किडनी बसली की माणूस कायमचा बरा झाला, असं नातेवाइकांना वाटतं. तसं नाही. शरीराने ती परकी ठरवू नये म्हणून गोळ्या जन्मभर, ठरल्या वेळेला. सकाळी आठ आणि रात्री आठ. गजर माझ्याही मोबाईलवर आहे. तो वाजला की थोड्या वेळात भावाचा मेसेज येतो: "ताई, घेतली."