धूर निघाला, मग कामाला लागलो

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी मिक्सरच्या भांड्यांखाली लाल बटणांची एक ओळ दिसली आणि पाय थबकले. बीबीसी मायक्रो, मॉडेल बी! 1984-85 मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना हाच कॉम्प्युटर मिळाला होता. नववीत असताना चपला दाराबाहेर काढून, एका कीबोर्डवर तिघंजण असे आम्ही त्याच्यासमोर बसायचो. घासाघीस करून आठशेला घेतला.

घरी आल्यावर गाढवपणा केला. ब्रिटनचं मशीन, आपल्याच व्होल्टेजचं, म्हणून सरळ प्लग लावला. ‘बू-बीप’ अशी ओळखीची जोडी ऐकू येईल असं वाटलं होतं. आली एकच, न थांबणारी शिट्टी. टीव्हीची वायर शोधेपर्यंत आतून फट् आवाज झाला आणि पांढरा, उग्र धूर. बायकोनं काही न बोलता खिडक्या उघडल्या.

झाकणाच्या चार स्क्रूंपाशी ‘फिक्स’ असं छापलंय. अर्थ एवढाच की झाकण इथे बसवलंय, पण त्या दिवशी मला तो ‘दुरुस्त कर’ असा हुकूम वाटला. प्लग काढूनही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून रात्रभर हात लावला नाही. सकाळी गुन्हेगार सापडला: विजेच्या लाइनवरचा खरखर गाळणारा छोटा कपॅसिटर. वयानं त्याच्या कवचाला तडे जातात, आत ओल शिरते आणि एक दिवस तो जळतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. लाइनवर चालणारा ‘एक्स-टू’ जातीचाच हवा, हे तीन दुकानांत समजावलं. चौथ्या दुकानदारानं काढून दिला आणि म्हणाला, “काका, एवढ्या खटाटोपात नवा लॅपटॉप नाही का घ्यायचा?”

बदलला. पाच व्होल्ट बरोबर येत होते, शिट्टी मात्र तशीच. म्हणजे प्रोसेसर कामालाच लागत नव्हता, कारण सुरू होताच आवाज बंद करणं हे त्याचं पहिलं काम. सुदैवानं यातल्या बहुतेक मोठ्या चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या आहेत. एकेक उपसून काळे पडलेले पाय पुसले, परत दाबून बसवली. या कामात दोन संध्याकाळी गेल्या, आणि खरं सांगतो, सगळ्यात मजा त्यातच आली. एवढी मोठी चूक करूनही मशीन माझ्यावर रुसलं नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी: बू-बीप. टीव्हीवर ‘बीबीसी कॉम्प्युटर 32के’. खाली बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं चिन्ह, माझी वाट बघत.

आता प्रोग्रॅम कुठून आणायचा? त्या काळी प्रोग्रॅम ऑडिओ कॅसेटवर आवाजाच्या रूपात असायचे, आणि कॅसेटप्लेअर केव्हाच भंगारात गेला. मग फोनमध्ये कॅसेटची ऑडिओ फाइल घेतली आणि हेडफोनची वायर कॅसेटच्या सॉकेटला जोडली. गंमत अशी की हा कॉम्प्युटर घडवणाऱ्या एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे ‘आर्म’ प्रोसेसर रचला. त्याचेच वंशज फोनमध्ये असतात. म्हणजे नातू आजोबांना गोष्ट सांगत होता.

आजोबांना कमी ऐकू येतं. ‘सर्चिंग’, मग ‘लोडिंग’, आणि मध्येच ‘रिवाइंड टेप’. आवाज फुल केला, स्क्रीनवरची पट्टी बोटानं मागे सरकवली आणि पुन्हा प्ले दाबलं.