तोगित्सू ते निशिझाका

तोगित्सूच्या किनाऱ्यावर उभे राहिलो तेव्हा वारा असा झोंबत होता की मामांच्या ‘नमो मरिया’लाही दातांची साथ होती. आम्ही वसईचे चौघे. इथून नागासाकीची निशिझाका टेकडी साधारण १२ किलोमीटर. आमच्या संत गोन्सालो गार्सियांची ही शेवटची वाट; त्या टेकडीवर त्यांना क्रुसावर मारलं. ४ फेब्रुवारी १५९७ ची रात्र त्यांनी इथेच होडीत काढली, हात बांधलेल्या अवस्थेत.

खरं तर आम्ही वाटेचं नुसतं शेपूट चालणार होतो. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा क्योतोत कापला, मग ऐन थंडीत गावोगाव धिंड काढत जवळपास महिनाभराने इथवर आणलं. त्यांच्यासह निघाले २४ ख्रिस्ती कैदी, वाटेत दोघांची भर पडली.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात क्रूस आणि भाले तेवढे लक्षात राहिले होते. चालताना मात्र दुसरंच काही डोक्यात घोळू लागलं. इथल्या पाट्यांवरचं एक अक्षर मला लागेना. गोन्सालोंना जपानी उत्तम यायची. पोर्तुगीज बाप, आपल्याकडची आई. जेझुइट धर्मसंघाच्या लोकांबरोबर जपानला गेले, वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी राबले, तरी संघात प्रवेश मिळाला नाही. (हा भाग आमच्याकडे प्रवचनात जरा घाईतच उरकतात.) मग व्यापार केला, शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे दुभाषी म्हणून उभे राहिले. मरणाचा हुकूम दिला तो त्याच हिदेयोशीने. धिंडीतल्या एखाद्या नवख्या परदेशी ब्रदरला रस्त्यावरची हेटाळणी नुसता गलका वाटली असेल. यांना शब्द न् शब्द कळत होता. कापलेल्या कानानेही.

उराकामीचं कॅथेड्रल लागलं. १९४५ च्या अणुबाँबने पाडलेलं, पुन्हा उभारलेलं. तिथे कुणी काही बोललं नाही. थर्मासमधला चहा संपवून निघालो.

निशिझाकाला पोचेपर्यंत माझ्या टाचेचा फोड फुटला होता. संतपद १८६२ चं. त्याच्या शंभरीला, १९६२ मध्ये, इथे स्मारक झालं. ब्राँझच्या २६ आकृती रांगेत, पाय खाली सोडलेले, कुठेही न टेकलेले. यातले आपले कोणते? एका जपानी आजींना ‘गोन्सालो?’ एवढंच विचारलं. त्यांनी मनगट धरून मला नेमकं गोन्सालोंसमोर उभं केलं आणि कितीतरी वेळ काहीबाही सांगत राहिल्या. मी नुसती मान डोलवत होते.

“काय म्हणतायत गं त्या?” मामांनी विचारलं.

“मला काय कळतंय!”

मामांनी वर बघितलं. “दुभाषी समोरच आहेत की. विचार त्यांना.”