३९.७

सकाळी दहा ते बारा ही आमच्या कामाची खरी वेळ. तेव्हा नाक ताजं असतं. परफ्यूम, आफ्टरशेव्ह, सुगंधी साबण सगळं वर्ज्य. व्हिस्कीची पारख करणं म्हणजे दिवसभर ढोसत बसणं, असं गावाकडे अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आम्ही नव्वद टक्के काम हुंगून करतो आणि जे तोंडात घेतो तेही थुंकून टाकतो.

मी जिथे काम करतो ती स्कॉटलंडमधली कंपनी स्वतः काही गाळत नाही. डिस्टिलऱ्यांकडून भरलेली पिंपं विकत घ्यायची, आपल्या गोदामात सांभाळायची आणि वेळ आली की बाटलीबंद करायची, एवढाच धंदा. त्या दिवशी समोर कल ईलाचे चार नमुने होते. चारही ऐंशीच्या दशकात एकाच वर्षी गाळलेले, पण चार वेगळ्या पिंपांतले.

कल ईला ही आयला बेटावरची डिस्टिलरी (हो, उच्चार तसाच, हसून घ्या). १८४६ सालची. पोर्ट आस्केगच्या धक्क्याजवळ अगदी पाण्याला टेकून उभी आहे आणि समोरच्या सामुद्रधुनीपलीकडे जुरा बेटाचे डोंगर दिसतात. १९७२ ते ७४ मध्ये ती जवळजवळ संपूर्ण नव्यानं बांधली. बेटावरची सगळ्यात मोठी डिस्टिलरी असूनही तिचं नाव बरीच वर्षं फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं, कारण तिचा बहुतेक माल जॉनी वॉकरसारख्या ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्क्यांच्या मिश्रणात, जातो. मला ती बेटावरच्याच लागाव्हुलिन डिस्टिलरीपेक्षाही आवडते, आणि यावरून ऑफिसात माझे वाद झालेले आहेत. दोघींचा मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, एकाच ठिकाणाहून येतो, पोर्ट एलनच्या कारखान्यातून, आणि वाळवताना दिलेला पीटचा (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाचा) धूरही दोन्हीकडे सारखाच, साधारण ३५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ३५ भाग, फिनॉल (धुराचा वास देणारी द्रव्यं). पण लागाव्हुलिनची स्टिल (गाळायचं तांब्याचं भांडं) बुटकी, तिच्या नळ्या तीव्र उताराच्या आणि गाळण संथ, त्यामुळे दारू जड आणि तेलकट उतरते. कल ईलाच्या उंच स्टिलमध्ये वाफेला तांब्याशी जास्त झटापट करावी लागते, जड अंश परत खाली पडतात आणि धूर तोच असूनही दारू हलकी, स्वच्छ निघते. बाटलीवर पीपीएमचा आकडा मिरवणारे हे सांगत नाहीत, की तो आकडा मॉल्टचा असतो, ग्लासातल्या दारूचा नव्हे.

ग्लास निळ्या काचेचे होते, म्हणजे रंग पाहून मत बनत नाही. प्रत्येकावर काचेची छोटी झाकणी. लॅबमधला मुलगा सगळे नमुने पाणी घालून २० टक्क्यांवर आणतो. मूळ स्ट्रेंग्थ, म्हणजे अल्कोहोलची टक्केवारी, किती होती ते आम्हाला कळत नाही, कळूही नये. पातळ केल्यावर अल्कोहोलचा झणका जातो आणि पिंपात इतकी वर्षं काय घडलं ते वर येतं.

पहिल्या नमुन्यात लिंबाची साल, ओली राख, थोडं आयोडीन. शिस्तीतला कल ईला. दुसराही त्याच वळणाचा, जरा जास्त गोड. तिसऱ्यात पुठ्ठ्याचा शिळा वास होता, लाकूड दमलेलं असलं की येतो तसा. त्याच्या रकान्यात मी सरळ फुली मारली. चौथ्यावरची झाकणी काढली आणि हातातलं पेन खाली ठेवलं. आधी काळे मनुके आणि जुनं चामडं, मग पिकलेल्या आंब्याकडे झुकणारी फळं, आणि सगळ्याच्या मागे, अगदी तळाशी, धूर. जुन्या पीटेड व्हिस्कीत धूर वर्षागणिक विरत जातो आणि फळं पुढे येतात, पण इथे एकानं दुसऱ्याला ढकललं नव्हतं. घोटभर तोंडात घेतल्यावर शेवटी वाळत घातलेल्या बोंबलांचा खारा वास आला. मी नोंदीत तेच लिहिलं. आमच्या विभागाच्या प्रमुख बाई जन्मानं आयलाच्याच. त्यांनी त्याच ठिकाणी ‘धुरावलेला हॅडॉक’ (तिकडचा मासा) लिहिलं होतं. गुण आम्ही दोघांनी सारखेच दिले होते.

मग कागद उलटला. पहिले तीन रिफिल हॉग्सहेडमधले, म्हणजे आधी व्हिस्की मुरवलेल्या २५० लिटरच्या पिंपांतले, स्ट्रेंग्थ पन्नाशीच्या आसपास. चौथा ५०० लिटरच्या शेरी बटमधला, म्हणजे शेरी या स्पॅनिश वाइनच्या मोठ्या पिंपातला. त्याच्यापुढे लिहिलं होतं ३९.७.

बाई एवढंच म्हणाल्या, “संपलं.”

कारण स्कॉच व्हिस्कीला किमान ४० टक्के अल्कोहोल लागतं. एक दशांश जरी कमी भरला तरी ती कायद्यानं व्हिस्की राहत नाही, चव कितीही स्वर्गीय असो. पिंपात भरताना साधारण ६३.५ टक्के असतं. स्कॉटलंडच्या दमट, थंड गोदामात पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणून आकडा वर्षानुवर्षं खाली घसरतो. गोव्यात पॉल जॉन ही व्हिस्की बनवणारे पीट स्कॉटलंडहूनच नेतात, पण तिथल्या उकाड्यात पिंपातून इतकं उडून जातं की तीस वर्षं थांबायचा विचारही कुणी करणार नाही. आमच्याकडे थांबता येतं. त्याची किंमत अशी मोजावी लागते.

मी रसायनशास्त्राचा माणूस, त्यामुळे माझी नजर आकड्याइतकीच तो कसा आला याच्यावर गेली. लॅबमधल्या मुलानं डेन्सिटी मीटर वापरलं होतं. ते यंत्र दारूची घनता मोजतं आणि त्यावरून अल्कोहोल काढतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून घनता जितकी कमी तितका आकडा जास्त. पण पिंपातून दारूत उतरलेले लाकडाचे आणि शेरीचे विरघळलेले अंश घनता वाढवतात. यंत्राला ते कळत नाही, ते अल्कोहोल कमी दाखवतं. रिफिल पिंपात हा फरक किरकोळ असतो. तीसेक वर्षं शेरी बटमध्ये मुरलेल्या, गडद दारूत तो बारीकसारीक राहत नाही.

यावर उपाय जुना आहे. नमुना २० अंशांवर अचूक मोजून घ्यायचा, छोट्या काचेच्या उपकरणात पुन्हा गाळायचा, विरघळलेले अंश तळाला चिकटून मागे राहतात. वर आलेलं पाण्यासारखं स्वच्छ द्रव मूळ आकारमानापर्यंत शुद्ध पाणी घालून भरायचं आणि मग मोजायचं. घाईचं काम नाही. एखादा थेंब सांडला की सगळं फुकट. बाई तोवर दोनदा दारात येऊन गेल्या. फ्लास्कच्या बुडाशी शेवटी चिकट, तपकिरी पाकासारखं काहीतरी उरलं. आम्हाला ज्यानं वेड लावलं होतं तेच यंत्राला चकवत होतं.

आकडा आला ४०.२.

खात्री म्हणून पुन्हा पहिल्यापासून केलं. ४०.२. बाईंनी मान हलवली आणि थेट बॉटलिंगवाल्यांना फोन लावला. ते पिंप आणखी एक उन्हाळा काढू शकलं नसतं. दुसरी अडचण बॉटलिंग लाइनची. एरवी लाइन पाण्यानं धुतात आणि नळ्यांत राहिलेल्या चार थेंबांचं कुणाला काही वाटत नाही. इथे तेवढ्यानंही घात झाला असता. म्हणून लाइन कोरडी करून घेतली आणि त्याच पिंपातल्या थोड्या व्हिस्कीनं विसळून ती व्हिस्की टाकून दिली. ते बघताना पोटात कालवलं, पण इलाज नव्हता. चिल-फिल्टर (थंड करून गाळून घेणं) केलं नाही, रंग घातला नाही, पाण्याचा तर प्रश्नच नव्हता. बाटल्या भरताना मध्ये-मध्ये नमुने घेऊन तपासत राहिलो.

लेबलवर खरी स्ट्रेंग्थ छापली. काही आठवड्यांनी ग्राहकांची पत्रं येऊ लागली. त्यातलं एक चांगलंच तिखट होतं: एवढी किंमत लावता, ‘कास्क स्ट्रेंग्थ’ (पिंपातून निघाली तशीच) म्हणवता आणि पाणी घालून थेट चाळिशीवर आणता, लाज वाटत नाही का? बाईंनी ते माझ्याकडे ढकललं. “तू रसायनवाला, तूच लिही उत्तर.” मी दीड पानं लिहिलं, गाळणीच्या आकृतीसकट. त्यांनी ती आकृती वगळायला लावली.