धाकट्याची नोकरी : यूडीआयडी कार्डाच्या पुढचा आमचा अनुभव

आमच्या धाकट्या भावाला अठरा पूर्ण झाली आणि त्याची विशेष शाळा संपली. बौद्धिक अपंगत्व आहे त्याला, बोलतो थोडकं, पण माणसं आणि रस्ते एकदा बघितले की डोक्यात पक्के. शाळा सुटल्यावर दिवसभर टीव्ही नाहीतर आईच्या मागं मागं, आणि आईचं पण वय झालंय.

आधी यूडीआयडी कार्ड काढलं, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरला, मग कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात तपासणी, त्यात बुद्ध्यांकाची टेस्ट असते म्हणून पोराला झोपमोड करून किंवा उपाशी नेऊ नका, आमचा तर चिडला की तोंडच उघडत नाही. ४० टक्के किंवा वर आलं की बऱ्याच सवलती मिळतात, एसटीचं तिकीट ७५ टक्के माफ वगैरे. आप्पांना वाटलेलं आता नोकरी पण लागणार. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे खरं, पण त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार अशा सगळ्यांना मिळून, आणि जागेला शिक्षणाची अट असतेच की, मग दहावी न झालेल्या पोरानं काय करायचं?

खरं काम झालं ते एका संस्थेतल्या मॅडममुळं. त्या जॉब कोच आहेत, म्हणजे नुसती जागा शोधून देत नाहीत, पोराबरोबर कामावर जातात. उद्यमनगरच्या बाजूला एकांचं कांदा-लसूण चटणीचं छोटं युनिट आहे, मालक म्हणाले येऊ दे त्याला, बघूया की. आई घाबरलेली, "लोकं हसतील त्याला, कशाला पाठवतीस?" मला पण धाकधूक होतीच.

मॅडमनी पहिल्यांदा स्वतः तिथं बसून पॅकिंग केलं आणि मग त्या कामाचे बारीक तुकडे पाडले. लेबल लावायचं, पिशवी धरायची, भरायची, वजन बघायचं, सील मारायचं. अडलं ते वजनाला, कारण त्याला आकडे वाचता येत नाहीत. तर त्यांनी काट्याच्या शेजारी २०० लिहिलेलं कार्ड चिकटवलं, वर दिसतंय ते आणि कार्डावरचं सारखं दिसलं की थांबायचं. झालं! आता एखादी पिशवी जराशी कमी भरली तर हा सील मारू देत नाही, तिथल्या बायका वैतागतात पण मालक खूश.

केएमटीचं, म्हणजे शहर बसचं पण असंच शिकवलं. सुरवातीला मॅडम शेजारी बसायच्या, मग दोन सीट मागं, मग बसच्या मागून गाडीवर. आता फुलेवाडीतून एकटा चढतो. खिशात माझा नंबर लिहिलेलं कार्ड असतं, कंडक्टर लोकं ओळखायला लागलीत.

पगाराला बँकेत खातं काढायला गेलो तर तिथं म्हणाले पालकत्वाचा दाखला आणा. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय, पोरगं अठराचं झालं की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अर्ज करावा लागतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते ती पालक नेमते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि एकाहून जास्त अपंगत्व असलेले, एवढ्यांनाच हे लागू आहे. वेळ जातो, म्हणून अठरा झाल्या झाल्या कागद गोळा करायला लागा. त्याच न्यासाचा निरामय आरोग्य विमा पण आहे, १ लाखापर्यंत, तो पण काढून घ्या.

कामाचे तास थोडे आहेत, पगार पण थोडाच. उन्हाळ्यात मिरचीच्या सीझनला काम भरपूर, पावसाळ्यात कमी, तेव्हा मॅडम त्याला दुसरीकडं काहीतरी बघून देतो म्हणाल्यात. बघू.

यंदा गणपतीला आमच्या तालमीची पोरं वर्गणीला आली, एरवी आप्पांच्या नावानं पावती फाडायची, ह्या वेळी धाकट्याला हाक मारली, "काय भावा, नोकरी लागली न्हवं, काढ वर्गणी." आईला वाटलं चेष्टा करायलेत. हा आत गेला, स्वतःच्या डब्यातनं पैसे आणले आणि पावतीवर नाव लिहून होईपर्यंत तिथनं हललाच नाही. एकशे एक दिले. आई अजून म्हणते एकावन्न दिले असते तर काय बिघडलं असतं.